कोळशाचं वीजकेंद्र उभं राहतं तरी कसं? (कोराडी, सोलापूर, डहाणू वगैरे)

कन्हानकाठी (धागाकर्ता)

कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॉटचे संच येणार, या विषयावर आमच्या नागपूरकडच्या व्हॉट्सॅप गटांत अधूनमधून जुंपते. एक पार्टी म्हणते, विदर्भाच्या नशिबी फक्त राख आणि वीज जाते मुंबई-पुण्याला. दुसरी म्हणते, मे महिन्यात कूलर लावताना राख आठवत नाही का. वीजकेंद्र बांधतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मात्र कुणी विचारत नाही. माझी सगळी नोकरी औष्णिक केंद्रांच्या उभारणीत गेली. ठेकेदाराकडे होतो, मेकॅनिकल इरेक्शनला. म्हटलं, एकदा नीट लिहून टाकावं.

बॉयलर (पाण्याची वाफ करणारा) आणि टर्बाइन (त्या वाफेवर फिरणारं यंत्र) म्हणजे वीजकेंद्र, असा सर्वसाधारण समज असतो. माझं मत उलट आहे. ती यंत्रं पैसे मोजले की येतात. केंद्र तगणार की रखडणार हे चार कागदांवर ठरतं आणि ते चारही पहिली कुदळ पडायच्या आधीचे असतात. पाणी कुठून? कोळसा कुठून आणि कोणत्या रुळांवरून? राख कुठे टाकणार? आणि वीज विकत कोण घेणार?

थोडा हिशेब करू. ६६० मेगावॉटचा एक संच ८५ टक्के भाराने दिवसभर चालला तर साधारण १ कोटी ३५ लाख युनिट होतात. आपल्या कोळशाला युनिटमागे ६५० ग्रॅम धरा. म्हणजे दिवसाला पावणेनऊ हजार टन. मालगाडीचा एक रेक ५८-५९ वाघिणींचा, ४ हजार टनांच्या आतबाहेर. एका संचाला रोज दोन-सव्वादोन रेक लागले. कोराडीत सध्या असे तीन संच आहेत (८, ९ आणि १० नंबरचे, डिसेंबर २०१५ ते जानेवारी २०१७ या काळात सुरू झालेले). सगळा कोळसा रुळांवरून आणायचा म्हटलं तर रोज सहा-सात रेक आले पाहिजेत, वॅगन टिपलरवर (वाघीण उलटी करून कोळसा ओतणारं यंत्र) रिकामे झाले पाहिजेत आणि परत गेले पाहिजेत. एक अडकला की मागचे रांगेत उभे, आणि रेल्वेचं डेमरेज (गाडी अडवून ठेवल्याचा दंड) चालू.

त्या कोळशात ३५ टक्के राख धरली तर संचामागे दिवसाला ३ हजार टन. तीन संचांची वर्षाला तीसेक लाख टन. ती काही हवेत विरत नाही. कुठे तरी जागा लागते.

पाण्याचं म्हणाल तर मेगावॉट-तासाला ३ घनमीटर धरा. एका संचाला रोज ४ कोटी लिटर, म्हणजे ४० एमएलडी. तिन्हींचे १२० एमएलडी. आता नागपूर महापालिकेचा भांडेवाडीचा प्रकल्प आठवा. तिथून शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीला देतात, त्याची क्षमता १३० एमएलडी. कसे जुळतात बघा आकडे! नाहीतर हेच पाणी पेंचमधून घ्यावं लागलं असतं, जिथून शहर पितं आणि शेतं भिजतात. पुढे २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात ५० किलोमीटरच्या आतल्या शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा वापर सक्तीचा झाला. नागपूरने ते आधीच ठरवलं होतं. याचं श्रेय द्यायला हवं, कुणी कितीही शिव्या घालो.

कागद फसला तर काय होतं? परळी बघा. यंत्रं ठणठणीत, माणसं हुशार, पण पाणी गोदावरीवरच्या खडक्याच्या बंधाऱ्यातून. २०१३ च्या दुष्काळात केंद्र बंद. २०१५ मध्ये पुन्हा बंद. आणि सिन्नर! २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १३५०. सगळं उभं राहिलं, पण वीज खरेदीचा करार नाही आणि कोळशाच्या रेल्वेमार्गाची जमीन अडलेली. तयार केंद्र वर्षानुवर्षं नुसतं उभं. बॉयलर काय करील बिचारा!

उभारणीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. प्रश्न असतील तर विचारा.

आळशी वाचक

वाचतोय. काका, ते सुपरक्रिटिकल सुपरक्रिटिकल म्हणतात ते काय असतं, तेही सांगा. पेपरवाले लिहितात पण समजावून कुणी सांगत नाही.

सिद्धेश्वरकर

चांगला धागा. सोलापूरचं उदाहरण राहिलं, म्हणून मी भर घालतो.

आमच्याकडे एनटीपीसीचं ६६० चे दोन संच असलेलं केंद्र आहे, फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात. पहिला संच २०१७ ला, दुसरा २०१९ ला व्यावसायिकदृष्ट्या सुरू झाला. पाणी उजनीचं. ज्या शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येतं, त्याच्या उशाशी हे केंद्र! लोकांचा जीव जळणारच. पण तुमचा दुसरा कागद इथे जास्त नडला असं मला वाटतं. कोळसा ओडिशाकडून येतो, हजार किलोमीटरवरून. खाणीतल्या किमतीपेक्षा रेल्वेचं भाडं जड. म्हणजे युनिटचा इंधनखर्च वाढला.

तो वाढला की काय होतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वीज कुणाकडून घ्यायची ते स्वस्त-महागाच्या क्रमाने ठरतं, मेरिट ऑर्डर म्हणतात त्याला. इंधनखर्च जास्त तो शेवटी. मागणी कमी असेल त्या दिवशी महाग संचांना सांगतात, बसा घरी. सुरुवातीच्या काळात आमच्या केंद्राच्या वाट्याला हे बसणं बरंच आलं. आणि संच बसला तरी करारातला स्थिर आकार द्यावाच लागतो, तो जातो आपल्या बिलातून. चिमणी दिसते, धूर दिसत नाही, आणि पैसे मात्र चालू.

गणिताचा मास्तर

सिद्धेश्वरकर, स्थिर आकार कुठून फुगतो तेही सांगतो. बँकेत होतो, प्रकल्प कर्जाच्या खात्यात.

समजा केंद्र १० हजार कोटींचं. रूढ प्रमाण ७० टक्के कर्ज, ३० टक्के भांडवल. म्हणजे ७ हजार कोटी कर्ज. साडेदहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७३५ कोटी. दिवसाला २ कोटी! सगळं कर्ज उचलून झाल्यावर काम वर्षभर रखडलं, तर एक युनिट वीज न होता ७३५ कोटी प्रकल्पाच्या किमतीत मिळवले जातात. यालाच बांधकाम काळातलं व्याज म्हणतात. पुढे वीज नियामक आयोग त्यातलं किती ग्राहकांवर टाकू द्यायचं आणि किती कंपनीने सोसायचं ते ठरवतो. तिथे वकिलांची चंगळ.

म्हणून साइटवर मॅनेजर लोक तारखेसाठी जिवावर उठतात. त्यांना वेड लागलेलं नसतं.

धानाचा बांध

मी केंद्राचं नाव नाही घेत, घरचे अजून तिथंच राह्यतात. पूर्व विदर्भातलं आहे एवढं समजा.

आमची धानाची जमीन होती. मेन प्लांटच्या भूसंपादनात आमचं काईच गेलं नाही, बाबा खुश होते. मंग दोन वर्षानं रेल्वे सायडिंगचं संपादन निघालं. पट्टा मधातून गेला. अर्धा वावर इकडं, अर्धा तिकडं. मोबदला भेटला फक्त पट्ट्याचा. पलीकडं जायला बोगदा ठेवला रुळाखालून, ट्रॅक्टर जाईल एवढा. पण रोवणीच्या टायमालेच त्यात कमरेइतकं पाणी भरते. मंग तीन किलोमीटर फिरून जा. रोवणीला बाया सांगितल्या तर त्या म्हणतात, तिकडल्या बांधीत नाही येत, चालण्यातच रोजी जाते.

पाण्याचा निकाल करा म्हणून अर्ज देल्ले. प्लांटवाले म्हणतात रेल्वेकडं जा, रेल्वेवाले म्हणतात सायडिंग प्लांटची आहे. दोघंही खरं बोलून राह्यले असतील, पण पाणी कोण काढन?

काका, तुमचे चार कागद बरोबर हायेत. पण सायडिंग, पाइपलाइन, राखेचा तलाव, टॉवरची लाइन, हे सारे वेगळे वेगळे येतात, वेगळ्या सालात. ज्याची जमीन जाते त्याले पुरा नकाशा एकदा कधीच दाखवत नाहीत.

कन्हानकाठी

धानाचा बांध, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. नकाशाचा मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवावा, मी शेवटाकडे त्यावर येतो.

आता उभारणी. आळशी वाचक, तुमचं उत्तरही यातच.

पाण्यावरचा दाब वाढवत नेला की ते जास्त जास्त तापमानाला उकळतं. २२१ बारच्या वर गेलात की उकळणं हा प्रकारच उरत नाही, पाणी आणि वाफ यांत भेद राहत नाही. त्या दाबाच्या वर चालणारा तो सुपरक्रिटिकल बॉयलर. जुन्या २१० आणि ५०० च्या संचांत वाफ आणि पाणी वेगळं करायला माथ्यावर एक भलामोठा ड्रम असायचा. तो चढवायचा दिवस म्हणजे साइटवर सणच, नारळ फुटायचे, पेढे वाटायचे. ६६० ला ड्रमच नाही. फायदा एवढाच की त्याच कोळशात थोडी जास्त वीज. धूर आणि राख नाहीशी होत नाही, थोडी कमी होते. जाहिरातीत ‘स्वच्छ’ म्हणतात ते तेवढ्यापुरतं.

बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे बॉयलर जमिनीवर उभा नसतो, तो टांगलेला असतो. आधी पोलादी खांबांचा सांगाडा उभा करायचा, पंचवीस-तीस मजल्यांच्या इमारतीएवढा. त्याच्या माथ्यावर सीलिंग गर्डर चढवायचे. मग नळ्यांच्या भिंती, कॉइल्स, हेडर सगळं वरून हँगर रॉडने लटकवायचं. कारण तापला की बॉयलर वाढतो, आणि वाढायला जागा खाली ठेवलेली असते. पूर्ण भाराला तळ वीतभर किंवा थोडा जास्तच खाली उतरतो. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी खालच्या मजल्यावरच्या मोजपट्टीसमोर येड्यासारखा उभा होतो.

खरं काम वेल्डिंगचं. एका मोठ्या बॉयलरला साइटवर हजारो जोड करावे लागतात. प्रत्येक वेल्डरची बाष्पके कायद्याखाली परीक्षा. नळ्या इतक्या दाटीवाटीने की जोडाच्या मागच्या बाजूला डोकं जात नाही. मग तिथे आरसा लावतात आणि वेल्डर आरशात बघून टाका घालतो. हात पुढे न्यायचा तर आरशात मागे येताना दिसतो. हे जमणारी माणसं मोजकी, आणि त्यांचा रुबाब इंजिनिअरपेक्षा मोठा. आमच्याकडचे असे दोघे तामिळनाडूतले होते. सकाळी चहा झाल्याशिवाय आरशाला हात लावायचे नाहीत, आणि कुणाची बिशाद नव्हती बोलायची. पी-९१ नावाच्या मिश्रधातूच्या जाड पाइपांचे जोड तर आधी तापवायचे, मग जोडायचे, मग साडेसातशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ठरल्या वेगाने थंड करायचे. मध्ये लाइट गेली की जोड वाया. वीजकेंद्राच्या साइटवर लाइट जाते, हा विनोद आम्ही रोज जगायचो.

जोडांची रेडिओग्राफी रात्री. इरिडियमचा किरणोत्सर्गी स्रोत असतो, म्हणून परिसर मोकळा करून दोऱ्या बांधतात. सकाळी फिल्म येतात. कुठला जोड कापायचा ते कळतं, की शिव्यांचा तास सुरू.

मग हायड्रो टेस्ट. सगळ्या नळ्या पाण्याने भरायच्या, चालू दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब द्यायचा आणि धरून ठेवायचा. बाष्पके निरीक्षक बॅटरी घेऊन मजल्यामजल्याने फिरतो, कुठे थेंब घामासारखा आलाय का बघत. ही पार पडली की मास्तरांच्या बँकवाल्यांना धीर येतो.

निळावंती

काका, माझं लहानपण वीजकेंद्राच्या कॉलनीत गेलं. नवा संच यायचा त्याआधी काही दिवस भयंकर आवाज यायचा, विमान डोक्यावरून जातंय असा, रात्रीबेरात्री. आई म्हणायची वाफ सोडतायत. ते काय असायचं?

कन्हानकाठी

निळावंती ताई, ते स्टीम ब्लोइंग. उभारणीत नळ्यांच्या आत वेल्डिंगचे कण, गंजाचे पापुद्रे, कुणाचा विसरलेला इलेक्ट्रोडचा तुकडा, काहीही राहू शकतं. तसंच टर्बाइनमध्ये गेलं तर मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या पात्यांवर आदळेल. म्हणून टर्बाइन जोडायच्या आधी बॉयलर पेटवून सगळ्या वाफेच्या पाइपांतून जोराने वाफ काढतात आणि तात्पुरत्या पाइपाने बाहेर हवेत सोडतात. तोच तो आवाज. गावोगावी आधी दवंडी द्यावी लागते, नाहीतर लोक घाबरतात, गुरं दावं तोडतात.

स्वच्छ झालं हे कसं ओळखायचं? वाफेच्या वाटेत एक गुळगुळीत धातूची पट्टी लावतात, टार्गेट प्लेट. प्रत्येक खेपेनंतर ती काढून भिंगाखाली बघायची. कण आदळले की खळगे पडतात. पहिल्या पट्ट्या देवीचे व्रण आल्यासारख्या दिसतात. खळगे किती आणि केवढे चालतील हे ठरलेलं असतं, आणि लागोपाठच्या पट्ट्या पास झाल्या तरच टर्बाइन बनवणाऱ्याचा माणूस सही करतो. तो माणूस पट्टी उन्हात धरून तिरपी करून बघतो आणि मागे वीस जण श्वास धरून उभे.

त्यानंतर सिंक्रोनायझेशन, म्हणजे जनित्र ग्रिडला जोडणं. मग ७२ तास पूर्ण भाराने सलग चालवून दाखवायचं. ते झालं की व्यावसायिक उत्पादन सुरू झालं असं धरतात.

टर्बाइनतात्या

मालक, लेख झकास. पण यंत्रं पैसे मोजले की येतात, हे वाक्य पटलं नाही. मीही याच धंद्यातला. बॉयलर-टर्बाइन वेळेत येतं हो, बाकीचं येत नाही. कोळसा हाताळणी, राख हाताळणी, पाणी शुद्धीकरण, कूलिंग टॉवर, ज्याला बॅलन्स ऑफ प्लांट (बीओपी) म्हणतात ते. तिथे पन्नास उपठेकेदार, आणि मुख्य ठेकेदाराचा पैसा आटला की पन्नासही निघून जातात. एका साइटवर मी बॉयलर पेटवायला तयार होऊन बसलो होतो आणि कोळशाच्या पट्ट्याचे रोलर आले नव्हते. का, तर ठेकेदाराने पुरवठादाराचे पैसे थकवले होते. कोराडीच्या या तीन संचांचं बीओपी ज्या कंपनीकडे होतं तीही २०१७ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, पेपरात आलंच होतं.

आणि घाईबद्दल. मास्तरांनी २ कोटी रोज सांगितले ते खरं. पण त्या घाईचा हिशेब कधीकधी माणसांत होतो. २००९ च्या सप्टेंबरात छत्तीसगडमधल्या कोरब्याला बांधकाम चालू असलेली चिमणी पावसात कोसळली, ४० हून अधिक मजूर गेले. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशातल्या उंचाहारला नव्यानेच सुरू झालेल्या ५०० मेगावॉटच्या संचाच्या बॉयलरमध्ये स्फोट झाला, तिथेही तितकीच माणसं गेली. आरशातल्या वेल्डिंगचं कौतुक करू या, पण चिमणीवरच्या स्लिपफॉर्मवर (काँक्रीट ओतत वर सरकवायचा साचा) रात्रपाळीला कोण असतं तेही लिहू या. झारखंड, बंगाल, ओडिशाकडची पोरं. धाग्यात त्यांचं कुणी नाही, म्हणून मी लिहिलं.

कन्हानकाठी

तात्या, बीओपीचं मान्य. मजुरांचं तर शंभर टक्के.

चिकूवाला

डहाणूहून. सगळे विदर्भावरच बोलतायत, म्हणून आमचीही कथा सांगतो. राखेआधी इथे भांडण झालं ते हवेवर.

बीएसईएसचं २५० चे दोन संच असलेलं केंद्र इथे १९९५ च्या सुमारास सुरू झालं, मुंबईच्या उपनगरांसाठी. गंमत म्हणजे डहाणू तालुका जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. चिकूच्या बागा, वारली पाडे, खाडी, मासेमारी, सगळं इथे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. प्राधिकरणाने धुरातला गंधक काढायचं यंत्र बसवा असा आदेश १९९९ मध्ये दिला. कंपनीने टाळाटाळ केली. शेवटी ३०० कोटींची बँक हमी मागितल्यावर गाडी हलली आणि २००७ मध्ये यंत्र सुरू झालं. समुद्राच्या पाण्याने धूर धुणारं. देशात तेव्हा असं यंत्र असलेली केंद्रं बोटावर मोजण्याइतकी होती.

मला वाटतं काका, पाचवा कागद हवा. पाणी, कोळसा, राख, करार, आणि नंतर लक्ष ठेवणारं कोण? एकदा मंजुरी दिली की सरकारी खातं पुढच्या फायलीकडे वळतं. इथे एक माणूस वीस-बावीस वर्षं खुर्चीत बसून विचारत राहिला, त्यामुळे झालं.

उलट बाकी देशात बघा. गंधकाचे निकष डिसेंबर २०१५ ला आले, दोन वर्षांत पाळायचे होते. मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. शेवटी जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना त्यातून सूटच दिली. दहा लाखांहून मोठ्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतल्यांना बंधन राहिलं, तेही डिसेंबर २०२७ पर्यंत वेळ देऊन.

सौरपंखा

एवढं सगळं करायचं तर कोळशाचं केंद्र हवंच कशाला? सौर स्वस्त झालंय. नवे ६६० लावण्यापेक्षा पॅनेल आणि बॅटऱ्या लावा.

(अवांतर: गिर्येचा अतिविशाल वीजप्रकल्प देवगडच्या आंबेवाल्यांनी होऊ दिला नाही. काय बिघडलं राज्याचं?)

कन्हानकाठी

सौरपंखा, दिवसा तुमचं म्हणणं खरं होत चाललंय. अडचण संध्याकाळी सात ते अकराची. तेव्हा दिवे, एसी, टीव्ही सगळं चालू आणि ऊन नाही. आता तर कोळशाच्या संचांना दुपारी ५५ टक्क्यांपर्यंत खाली या आणि संध्याकाळी वर चढा असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा २०२३ चा नियम आहे. जाड पाइपांना हे रोजचं तापणं-निवणं मानवत नाही, तिथेच तडे जातात. बॅटऱ्या स्वस्त झाल्या तर नव्या कोराडीचा करार पंचवीस वर्षं गळ्यात पडेल, ही भीती मलाही आहे. पण येत्या उन्हाळ्यात काय करायचं, हे बॅटरीच्या भावाच्या आशेवर सोडता येत नाही. मी जुने मोडके २१० बंद करून त्या जागी थोडे नवे या बाजूचा. तेही पाणी आणि राखेचं आधी दाखवलं तर.

कोलारची पोर

राखेचं दाखवलं तर, असं म्हणालात म्हणून लिहिते. कोराडीजवळच्या आमच्या खसाळ्याचा राखेचा बंधारा २०२२ च्या जुलैत पावसात फुटला. राख कोलार नदीत, तिथून कन्हान नदीत. नागपूरच्या बऱ्याच भागाचं पाणी कन्हानहून येतं, ते अडलं. तेव्हा शहराला कळलं की राख नावाची वस्तू असते. आमच्या ओसरीवर ती त्याआधीपासून होती. वाळत घातलेल्या पापडांवर राखाडी थर बसतो, बोट फिरवलं की रेघ उमटते.

शंभर टक्के राख वापरली जाईल, सिमेंटला, विटांना, रस्त्याला, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. १९९९ च्या अधिसूचनेपासून ऐकतेय असं म्हणा. २०२१ च्या डिसेंबरात नवी निघाली, दंडासकट. कोरडी राख सिमेंटवाले नेतात, तिचा प्रश्नच नाही. बॉयलरच्या तळाची आणि तलावात कालवून साठलेली जुनी राख कोण नेतं?

धानाचा बांध

आणि कोळसा कुठून येते तेही सांगा ना. छत्तीसगडातल्या रायगड जिल्ह्यात गारे पालमा २ नावाची खाण महाजनकोले (राज्य सरकारची वीजनिर्मिती कंपनी) भेटली आहे, २०१५ पासून. कोराडी, चंद्रपूर, परळी साऱ्याईसाठी. तिथल्या आदिवासींचा विरोध आहे. हरित लवादानं २०२४ च्या जानेवारीत तिची पर्यावरण मंजुरी रद्द केली होती, त्याच वर्षी परत भेटली. म्हणजे आमचा बोगदा इथं, त्याईचं जंगल तिथं. नकाशा आणखीन मोठा झाला.

निळावंती

काका, तुम्ही नकाशाचं शेवटी सांगतो म्हणालात. समजा आमच्या भागात उद्या अशी जनसुनावणी लागली. मे २०२३ ला कोराडीची झाली तेव्हा भाऊ गेला होता, नुसता गोंधळ आणि बंदोबस्त पाहून परत आला. सामान्य माणसाने करायचं काय? पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल तर हजार पानांचा, इंग्रजीत.

कन्हानकाठी

ताई, पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय इथे बघायला मिळतो आणि सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणी घेणारा अधिकारी अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या खालचा चालत नाही. सगळ्याचं चित्रीकरण होतं. तिथे तोंडी बोलायला मिळालं नाही तरी लेखी हरकत देता येते, आणि लेखीच द्यावी. भाषणाचं इतिवृत्त दोन ओळींत होतं, पत्र जसंच्या तसं जोडलं जातं.

हजार पानं वाचायची गरज नाही. आधी पाण्याचा ताळेबंद काढा. किती घेणार, कुठून, आणि दुष्काळी वर्षी त्या स्रोतात किती उरतं. सरासरी वर्षाचे आकडे दिले असतील तर तिथेच हरकत. मग राखेचं पान. तलावाची जागा, क्षेत्रफळ, किती वर्षं पुरेल, अस्तर आहे का, बंधारा फुटला तर पाणी कोणत्या नाल्याने कुठे जाईल. राख उचलणाऱ्यांची नुसती इरादापत्रं जोडलेली असतात, करार मागा. मग हवेच्या मोजणीची ठिकाणं आणि महिने. पावसाळ्यात हवा सगळीकडेच छान असते. आणि मागच्या मंजुरीच्या अटी किती पाळल्या त्याचा अहवाल, विस्तार प्रकल्प असेल तर तो जोडावाच लागतो. चिकूवाल्यांचा पाचवा कागद तो.

शेवटी धानाचा बांध यांचा मुद्दा. एकाच नकाशावर केंद्र, राखेचा तलाव, सायडिंग, पाण्याची आणि राखेची पाइपलाइन, टॉवरची लाइन, सगळे सर्व्हे नंबर टाकून द्या अशी लेखी मागणी करा. बहुतेक वेळा असा एक नकाशा नसतोच. सायडिंग वेगळ्या सल्लागाराकडे, लाइन पारेषण कंपनीकडे. पण मागणी इतिवृत्तात आली की मंजुरी देणाऱ्या समितीला त्यावर प्रकल्पवाल्यांचं उत्तर घ्यावं लागतं.

धानाचा बांध

ह्या पत्राचा मसुदा इथं टाकता का काका? आमच्या बाजूच्या तालुक्यात लाइनचं सर्वेक्षण सुरू झालं आहे.

कन्हानकाठी

टाकतो. रविवारपर्यंत. तात्या, राखेच्या पाइपलाइनचा परिच्छेद तुम्ही लिहा, तुमचा हात त्यात जास्त बसलेला आहे.

टर्बाइनतात्या

लिहितो. बोगद्यातलं पाणीही घालतो त्यात, तो मुद्दा सायडिंगच्या नकाशात कधीच नसतो.